हिच्या आयशीची आयस

आमच्या पाड्यावर माणूस मेला की दिवस घालताना भगत त्याच्या बापाचं नाव घ्यायचा, मग आज्याचं, मग पणज्याचं, आणि असा तो मागे मागे जात राहायचा की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर झापड यायची. बाई मेली तर तिच्या नवऱ्याची माणसं सांगायचा. बाईला आई असते आणि त्या आईलाही आई असते, हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते सांगायची जागाच नव्हती. बाईच्या आईची आणि तिच्या आईच्या आईची चौकशी आमच्यात एकाच कामासाठी व्हायची. ते काम कोणतं हे मला समजलं तेव्हा मी ढोरांमागे जायच्या वयाची होते.

माझ्या आईचं कूळ मी आयुष्यात एकदाच ऐकलं. भर दुपारी, खळ्यावर, सगळ्या पाड्यासमोर. आणि सांगणारी आई स्वतःच होती.

तेव्हा जव्हारला राजाचं राज्य होतं. पण आम्ही मोखाड्याच्या वरच्या अंगाला, खोडाळ्याकडच्या डोंगरात राहायचो, आणि राजा आमच्या लेखी श्रावणातल्या सूर्यासारखा होता. आहे म्हणतात, तर असेल. दाद मागायला कुणी जव्हारला गेल्याचं मी ऐकलं नाही. आमच्यावर राज्य होतं ते भगताचं. भगत दुष्ट होता असं लिहायला मला फार बरं वाटलं असतं, पण तसं नव्हतं. मला विंचू चावला तेव्हा त्याने रात्रभर माझा पाय मांडीवर घेऊन पाला लावला होता. दुष्ट माणसाचा राग करणं सोपं असतं. माझ्या वाट्याला तेही आलं नाही.

त्या वर्षी माझी आत्या, बापाची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तिला मुलगा झाला. नाळ विळ्याने कापली आणि वर चुलीतली राख दाबली, जशी सगळ्यांची दाबायचे. आईने पोराला मांडीवर घेतलं, त्याचं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "बेस हाये." एवढंच. पुढे पोराने दूध ओढायचं सोडलं, अंग लाकडासारखं ताठ झालं, जबडा मिटला, आणि ते गेलं. मी नंतर पुष्कळ वर्षं जव्हारच्या एका दवाखान्यात झाडलोट केली, तेव्हा मला कळलं की पोर त्या विळ्याने गेलं. पण पाड्यावर विळ्याला कोण बोल लावणार? विळा रोज लागतो. वहिनी तशी लागत नाही.

आत्या आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग उठली आणि भावाला म्हणाली, "तिने माझे पोराला बेस म्हनला. दाणे पाहा."

दाणे पाहायचे म्हणजे भगताला बोलवायचं. भगत सुपात तांदूळ घेऊन बसतो, प्रश्न विचारतो, आणि उत्तराप्रमाणे दाणे मांडत जातो. भात झोडून झालं होतं, खळं सारवलेलं होतं. पुरुष एका बाजूला बसले, बाया दुसऱ्या. आईने लुगडं धुऊन नेसलं होतं आणि केसांना तेल लावलं होतं. ती का नटली होती हे सांगायला हवं, कारण सगळी चूक तिथे झाली.

माझी आजी, म्हणजे आईची आई, दोन पावसाळ्यांआधी मेली होती. आईला कुणी कळवलंच नाही. तिला बाजारात ओळखीच्या बाईकडून कळलं, तोवर सगळं उरकलं होतं. तेव्हापासून ती बापाच्या मागे लागली होती की माझ्या आयशीच्या नावाने भगताकडून काही तरी करून घ्या, एकदा तरी तिचं नाव घ्या. बाप हो-हो म्हणायचा. त्यामुळे भगत येणार हे ऐकल्यावर तिला वाटलं, पोराच्या निमित्ताने का होईना, आपलं गाऱ्हाणं मार्गी लागलं. तिच्यावर संशय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. बाकी साऱ्या पाड्याला ठाऊक होतं.

भगताने सूप पुढे घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, "बाय, तुझी आयस कोठची?"

आईचा चेहरा उजळला. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती, पुढे पाहायचा प्रश्नच नव्हता.

"खोडाळ्याचे अंगाची," ती म्हणाली. "लय कामाची होती. तिची चार पोरां गेली, तरी दुसरे दिशी आवणीला उभी. कधी रडली नाय."

"रडली नाय," बायांमधली एक म्हातारी हळूच म्हणाली. भगताने सुपातला एक दाणा उचलून शेणसड्यावर ठेवला.

"आन् तिची आयस?"

"ती वांगणीची. तिला पाला समजायचा. एकदा ढोरांना रोग आला, गावाची सगळी मेली, तिची दोन जगली."

दुसरा दाणा. बाया एकमेकींकडे पाहत होत्या. आई भगताकडे पाहत होती.

"आन् तिचेबी आयशीचा काय ठावा हाये?"

इथे आई थोडी थांबली. आठवून आठवून म्हणाली, "तिला मी नाय पाहिली. पन आयस सांगायची. एका वरसाला पाऊस गेला, कोनाचे वरकसात काय नाय पिकला. तिची एकटीची नागली बेस आली. मग तिनेच समद्यांना खायला घातली."

तिसरा दाणा त्याने ठेवला. खापरपणजीबद्दल जगात उरलेली माहिती इतकीच, की तिची नागली चांगली आली होती. पणजीची दोन ढोरं जगली होती. आजी रडली नव्हती. माझ्या आईने आपल्या बायांचे हे गुण सांगितले, दागिने दाखवावे तसे एकेक काढून दाखवले, आणि खळ्यावर बसलेल्या प्रत्येकाने ते गुन्हे म्हणून मोजून घेतले. लोक खोटं बोलून फसवतात असं म्हणतात. इथे कुणीच खोटं बोललं नव्हतं.

भगताने चौथा दाणा आईसमोर ठेवला. चार दाणे सरळ रांगेत. तो म्हणाला, "उतरत आलाय." कुणी 'काय' असं विचारलं नाही. आमच्यात ते आईच्या पोटातून आणि दुधातून लेकीत उतरतं असं धरत. अशा बाईला भुताळी म्हणायचे. लेकात उतरत नाही, म्हणून लेक मोकळे.

आईच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तसंच राहिलं, जागा चुकलेल्या पाहुण्यासारखं. मग तिने त्या दाण्यांकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. तिला समजलं.

मला अजून काही समजलं नव्हतं. मी तिच्यापासून चार हातांवर एरंडाच्या काठीने माती उकरत होते. भगताने सुपातून पाचवा दाणा उचलला. तो बोटांत फिरवत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्याबरोबर सगळं खळं माझ्याकडे पाहू लागलं.

आई म्हणाली, "ती माझे पोटची नाय."

मला वाटलं ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलते आहे.

"कोळशाचे भट्टीवर एक बाय बाळंत होऊन मेली. तिची पोर हाये. मी उचलून आनली. दूधबी नाय पाजला, बकरीचा पाजला."

मी जन्मले त्या वर्षी आईबाप जंगलात कोळशाच्या भट्टीवर कामाला होते, हे पाड्याला माहीत होतं. तिथे एक परगावची बाई बाळंतपणात मेली होती, हेही खरं. ती आणि तिचं पोर दोन्ही एकाच खड्ड्यात पुरली होती. आईखेरीज हे पाड्यावर दोघांनाच ठाऊक होतं. एक माझा बाप. दुसरी आत्या, जी त्या वेळी अजून मुलगी होती आणि भावाची भाकर थापायला भट्टीवर गेली होती.

मी उठून आईकडे धावले आणि तिच्या लुगड्याला धरलं. तिने मला लाथ मारली. ढकललं नाही, लाथच मारली, पोटात. मी पडले तेव्हा ती म्हणाली, "मेली तुझी आयस भट्टीवर. किती वर्सां पोसू तुला?" हा आवाज मी ओळखत नव्हते. तिने शिवी पण दिली, ती मी लिहीत नाही.

भगताने बापाला विचारलं नाही. बाळंतपणाच्या गोष्टीत पुरुषाचा शब्द धरत नसत. बापाने कानावरची पानाची बिडी काढली, पाहिली, आणि परत कानावर ठेवली. त्याच्याबद्दल मला एवढंच लिहायचं आहे.

भगताने आत्याला विचारलं. "तू भट्टीवर होतीस. तांदळावर हात ठेव. ही पोर हिचे पोटची हाये का नाय?"

आत्याचं पोर मेलं होतं, आणि ते माझ्या आईने खाल्लं अशी तिची खात्री होती. खरं बोलली असती तर दोघींचाही निकाल लागला असता. तिने तांदळावर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, बाजारात बकरी पाहतात तसं. मग म्हणाली, "नाय. उचलून आनलेली."

तिने असं का केलं हे मी पुढे तिला विचारलं. तिने अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, "तुझी आयस गेल्यावर घरात पानी कोन भरनार होता?"

भगताने पाचवा दाणा सुपात परत टाकला.

मग जे करायचे ते केलं. आईला घरात कोंडून मिरच्यांची धुरी दिली. बाहेर आणून विळ्याने केस कापले, तेल लावलेले. ती 'मीच केलं' असं म्हणेपर्यंत हे चाललं, आणि तिने ते लवकर म्हटलं. मला वाटतं ती घाईत होती. जितका वेळ जाईल तितकं कुणाला तरी माझं नाक, माझी हनुवटी दिसेल अशी तिला भीती होती. आत्याने मला धरून ठेवलं होतं, माझं तोंड आपल्या पोटात दाबून. पोर मेलं तरी तिचं दूध आटलं नव्हतं. ते लुगड्यातून झिरपून माझ्या केसांत उतरत होतं. आईला वावर-वांगणीच्या वाटेला, तिच्या आजीच्या गावाकडे, लावून दिलं. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. मी वाट पाहत होते, म्हणून नक्की सांगते.

लोक म्हणतील, तिने तुला वाचवलं. वाचवलं, मला कळतं. पण मला कुणी विचारलं असतं तर मी धुरी सोसली असती, केस कापून घेतले असते आणि तिच्याबरोबर वांगणीला चालत गेले असते. मला आई असती. तिने मला पाड्याकडे दिलं आणि आई काढून घेतली, आणि या सौद्याचा मला आजही राग येतो.

त्याहून वाईट हे, की माझा तिच्यावर विश्वास बसला. पोर मोठ्यांचं खरं मानतं. मी पुष्कळ वर्षं भट्टीवर मेलेल्या त्या परक्या बाईला आई समजून रडले, आणि जिने लाथ मारली ती मरावी असं देवाकडे मागितलं. आत्याला नवऱ्याने परत नेलं नाही, ती आमच्याकडेच राहिली. पाणी मी भरलं, ढोरं मी राखली, नागली मी दळली. एका आवणीला आम्ही दोघी रोपं लावत होतो, मी भराभर मूठ मारत होते. आत्या कंबर सरळ करून पाहत म्हणाली, "आयशीसारखाच हात चालतो." मग घाईने पुढची मूठ उचलली. मी विचारलं, कोणत्या आयशीसारखा? भट्टीवरचीला तू चिखलात कधी पाहिलंस? तेव्हा तिने चिखलात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आता कोनाला सांगशील तर तुझीच माती होईल. माझी नाय."

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी मोखाड्याला गेले. आई तिथे येते हे मला माहीत होतं. बाजाराच्या अगदी टोकाला, जिथे सावलीही नसते, तिथे ती डिंक आणि पत्रावळीची पानं घेऊन बसायची. धुरीने तिचे डोळे कायमचे पाणावले होते. मी समोर बसले. ती म्हणाली, "पानां पाहिजेत का?"

मी म्हटलं, "आई."

तिने पानांची जुडी बांधायला घेतली. वर न पाहता म्हणाली, "पोरी, तुझी आयस भट्टीवर मेली. बाजारात बोंब मारू नको."

"आत्याने सांगितलं मला."

"मंग ती मूर्ख हाये." तिने गाठ आवळली. "घ्यायची तर घे, नाय तर ऊठ. गिऱ्हाईक येतील."

मी जुडी घेतली. तिने पैसे पुरते घेतले. माझ्या हाताला तिचा हात लागू नये म्हणून तिने मला ते जमिनीवर ठेवायला सांगितले. पुढे मी कितीतरी वेळा गेले, कितीतरी पानं आणली. आत्या विचारायची, एवढ्या पानांचं काय करतेस? तिला सगळं कळत होतं. आई एकदाही फसली नाही. इतकी कसलेली खोटारडी बाई मी दुसरी पाहिली नाही.

माझं लग्न मोखाड्याजवळच झालं. सासूने पहिलाच प्रश्न विचारला, "हिची आयस कोन? आयशीची आयस?" आत्याने सांगितलं, भट्टीवर मेली, पुढचा ठावा नाय. सासूचं समाधान झालं. जिचा ठाव नाही तिच्यावर दाणा ठेवता येत नाही. मला मुलगी झाली. तिची हनुवटी माझ्या आईची होती. मी तिला बाजारात त्या टोकाला कधीच नेलं नाही.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी आई तिथेच, पानांच्या भाऱ्याला टेकून मेली. माणसं जमली. मी सासूबरोबर मीठ घ्यायला आले होते, मुलगी कडेवर होती. गर्दी पाहून सासू तिकडे वळली, म्हणून मलाही वळावं लागलं. आमच्यात मेलेल्याला उचलण्याआधी पोटच्या माणसाने तोंडात पाणी घालायचं असतं. नाही घातलं तर ते माणूस तहानलेलं जातं, असं म्हणतात. कुणीतरी मडक्यातून पाणी आणलं होतं. एक पुढारी विचारत होता, "हिचे पोटचा कोनी हाये का?"

गर्दीत आमच्या पाड्यावरची ती म्हातारी होती. तीच, जी 'रडली नाय' म्हणाली होती. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही हिचेच घरात वाढली."

त्या माणसाने पाण्याचं मडकं माझ्यापुढे धरलं. सासू माझ्याकडे पाहत होती. मग तिची नजर माझ्या कडेवर गेली, आणि तिथून खाली, मेलेल्या बाईच्या तोंडाकडे. मी मुलीचं तोंड खांद्यात वळवून घेतलं.

मी म्हटलं, "मी हिचे पोटची नाय. माझी आयस भट्टीवर मेली."

आवाज हलला नाही. डोळ्यांत पाणी आलं नाही. आजी रडली नव्हती तशीच मीही. पाणी कुणीच घातलं नाही. पाणी न घालताच तिला उचललं, आणि मी सासूबरोबर मीठ घेऊन घरी आले. याची मला लाज वाटत नाही. तिने माझ्यासाठी केलं तेच मी माझ्या मुलीसाठी केलं, आणि मी रडून पाणी घातलं असतं तर तिने उठून मला दुसरी लाथ मारली असती. पण आजही मी पाणी प्यायला बसले की पहिला घोट गिळवत नाही.

पुढे मुलीला घेऊन मी जव्हारला आले, ती शाळेत शिकली, आणि तिच्या पाटीवर मीही शिकले. तिचं लग्न झालं. तिला तीन मुलगे झाले. तिसऱ्या वेळी दाई बाहेर येऊन मुलगा झाला म्हणाली, तेव्हा मी अंगणात बसून ढसाढसा रडले, आणि शेजारच्या बाया म्हणाल्या, म्हातारीला नातवाचं केवढं कौतुक. आता मुलीचं वय सरलं आहे. तिला मुलगी होणार नाही. पाचव्या दाण्यानंतर सहावाच, माझ्या मुलीचा, राहिला होता, त्यापुढे कुणाला ठेवायला दाणाच नाही.

म्हणून आता लिहिते. खापरपणजीची नागली चांगली आली होती आणि तिने ती सगळ्यांना खायला घातली. पणजीला पाला समजायचा. आजी दुसऱ्या दिवशी आवणीला उभी राहायची. आई पानं विकायची. मी तिच्या पोटची.